उलट्या गोष्टींची सोजर

२०२४ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे आणि सोजर, तू जाऊन आज एकवीस दिवस झाले.

हे मी माझ्या हातानं लिहितोय. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, आबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी नको म्हटलं. दुसरी पास माणूस आहे मी. भिंतीवर खडूनं माप टाकावं तसं अक्षर येतं, पण येतं. जन्मभर तुझ्याविषयी दुसरेच बोलले आणि मी गप बसलो. आता तरी दुसऱ्याच्या हातानं नको.

घरात आवाज नाही. परवा मांजर आलं तर त्यालाच म्हटलं, "काय गं?" आणि माझाच आवाज मला परका वाटला. शेजारची सून दोन दिवस ताट घेऊन आली. तिसऱ्या दिवशी मी परत पाठवलं. माझं मी करून खातो म्हटलं. भाकरी थापायला बसलो तर तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गवंडी म्हणं! चार मजली भिंत उभी करत्यात आन् बोटभर भाकर धरत न्हाय." ते तीन तुकडे मी खाल्ले. वाईट नव्हते.

आपलं भांडण राहिलं की गं अर्धं. गोष्टीवरचं.

मी म्हणायचो, गोष्ट बापजाद्यांकडून जशी आली तशी सांगावी. भिंत सरळ राहावी म्हणून ओळंबा लावतो, तसा गोष्टीलाही असतो. राक्षसीण ती राक्षसीण. चेटकीण ती चेटकीण. तू त्यांना बाया करून ठेवल्यास. विहिरीतली राक्षसीण गोष्टीत माणसं खायची, तर तुझ्या गोष्टीत ती पाणी राखायची. राजपुत्र आला, तलवारीनं तिला मारली, गावानं त्याची मिरवणूक काढली आणि दुसऱ्या दिवशी विहीर कोरडी. पोरं हळहळायची. मी म्हटलं, "असं कुठं असतंय?" तू म्हणालीस, "आवं, तिला कुनी इचारलं व्हय कधी, तू हितं कशाला बसलीस म्हणून? आले न् मारून गेले."

आणि ती सात राजपुत्रांचे दगड करणारी चेटकीण! तुझ्या गोष्टीत राजपुत्र घोडी घेऊन तिच्या उभ्या ज्वारीतून जायचे. तिनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा दगड केले आणि त्याच दगडांनी बांध घातला. मी हसू दाबून म्हटलं, "राजपुत्राचा दगड बांधाला चालंल का? ठिसूळ असंल."

"मग तुमी गवंडी कशाला हाव? घडवून घ्या."

बाईंनी तुला शनिवारच्या शाळेत गोष्टी सांगायला बोलावलं तेव्हा मी आडवा आलो होतो. दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकतो, हे सगळ्या दुनियेला माहीत आहे. तू पदर खोचला आणि म्हणालीस, "माझ्या भावाला फटफटी हाय. चुकला तर इचारत इचारत यील." आणि गेलीस. सहा वर्षं जात होतीस. पोरं तुला उलट्या गोष्टींची आजी म्हणायची. मी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून ऐकायचो. भिंत मीच बांधलेली, त्यामुळं बसायला मला कुणी विचारत नव्हतं. तुला वाटायचं, मी पारावर गेलोय. नव्हतो गेलो. सगळ्या ऐकल्यात मी.

तू या घरात आलीस तेव्हा माझी शकू पाच वर्षांची होती. तिची आई, माझी पहिली बायको पारू, जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसरेपणाची बायको म्हणून रीतीप्रमाणं पारूचा चांदीचा टाक तुझ्या गळ्यात घातला, बोटाच्या पेरापेक्षा लहान, त्यावर बाईची आकृती. बाया सांगतात, सवतीचा टाक घातला म्हणजे मेलेली पाठीशी लागत नाही. तू त्याला भिऊन नाही वागलीस. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचीस, "आधी तू नेस, बाई." आणि तिन्हीसांजेला चुलीपुढं बसून त्याच्याशी बोलायचीस. मला वाटायचं, बाईचं डोकं फिरलं. एकदा कान देऊन ऐकलं. तू म्हणत होतीस, "तुझी लेक आज जेवली न्हाय. वांग्यावर रुसली. उद्या काय करू, सांग."

शकू तुझ्या मांडीवर कधी आली नाही. लोकांनी तिच्या कानात भरलं होतं, सावत्र आई म्हणजे काय ते. तुला लेकरू झालं नाही, त्यावरूनही बोलले. मी ऐकलं. माझ्या घरात कुणी काही बोललेलं मला खपत नाही अशी माझी ख्याती, पण ते मला खपलं.

आता ते लिहितो, जे लिहायला बसलोय.

शकू सातवी पास झाली ते वर्ष. मी घाटाकडच्या एका मोठ्या घरी काम करत होतो. चिरेबंदी, दोन सोपे, पुढं दगडी कमान. कमानीचा शेवटचा दगड बसला त्या दिवशी त्या घरच्या म्हाताऱ्यानं मला आपल्या पंगतीला, आपल्या शेजारी बसवलं. गवंड्याला कोण बसवतं? चार माणसांत म्हणाला, "असा हात असलेला सोयरा पायजे आमाला." त्याच्या थोरल्या लेकासाठी शकूला मागितली. लेक छत्तीस वर्षांचा. बायको मेलेली. दारूचं नाव होतं त्याच्यावर, ते मी तिथं राबताना डोळ्यांनी बघितलं होतं. आणि तरी सुपारी फोडली. त्या कमानीखाली माझी मान इतकी वर गेली होती की खालचं काही दिसलं नाही.

घरी आलो. तू तीन दिवस मागं लागलीस. पाया पडलीस. "पोर चौदाची हाय. तिला शिकायचंय. मानसाचं घर न्हाय ते, नुसत्या भिंती हायत."

"शब्द दिलाय मी."

"शब्द तुमी दिलाय. पोर माझी हाय."

तेव्हा मी जे बोललो ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हणालो, "तुझी? कधीपासनं?"

तू टाकावर हात ठेवून बसलीस.

चौथ्या दिवशी तू माहेरी जाते म्हणून निघालीस आणि गेलीस त्या घरी. माझ्याच कमानीखालून आत गेलीस. बायांत बसलीस, पाणी प्यालीस आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलंस, "बाई, नंतर बोल नको म्हणून आधी सांगते. पोरीला फिट येती."

आठ दिवसांत सुपारी मोडली. गावभर झालं. सावत्र आईनं जळून पोरीचं सोन्यासारखं ठिकाण घालवलं. हातपंपावर बाया तुझ्याशी बोलेनात. शकू तुझ्या अंगावर धावून गेली, "मला कधी आली फिट? कधी आली?" तू म्हणालीस, "माझ्या तोंडातून गेलं खरं." एवढंच. आणि मी दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत तुझ्याशी बोललो नाही. शकूला सांगायचो, "सांग तिला, पाणी दे. सांग तिला, मी जेवलो." तिच्याच तोंडून. म्हणजे बापानंही हिला टाकली, हे पोरीनं रोज आपल्या तोंडानं म्हटलं.

त्या माणसानं दुसरीकडं लग्न केलं. वर्षाच्या आत ती पोर माहेरी परत आली, एक हात मोडलेला. मला कामावर कळलं. मी घरी येऊन काही बोललो नाही. तुला कुठून तरी कळलंच असेल. तूही बोलली नाहीस.

फिटीचा बोभाटा झाल्यावर शकूला कुणी मागायला येईना. तेव्हा तू म्हणालीस, "आता लगीन तर जमत न्हाय. शिकू तरी द्या." मी हो-नाही केलं नाही. कळंबच्या मुलींच्या वसतिगृहात तूच खेटे घातलेस, तूच पत्र्याची पेटी घेऊन तिला एसटीत बसवलंस. ती रडत होती. खिडकीतून मला म्हणाली, "आबा, हिनं मला घरातनं काढलं." मी म्हणालो, "नीट शिक." मला वाटलं, बापासारखं बोललो.

शिकली. दहावी झाली, नळदुर्गकडच्या चांगल्या घरी पडली, अंगणवाडीत लागली. मग काही वर्षांपूर्वी तिचा सत्कार झाला. आपण दोघं गेलो. मला पुढं खुर्ची, फेटा, नारळ. तू मागं, बायांत. शकू माईकवर म्हणाली, "सावत्र आईच्या जाचातून माझ्या वडिलांनी मला बाहेर काढलं, शिकवलं. म्हणून मी इथं उभी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं वळून बघितलं. तूही वाजवत होतीस, डोक्यावरचा पदर घसरेपर्यंत.

मी उठलो नाही. फेटा जड झाला होता असं म्हणायला बरं वाटेल, पण खोटं आहे. फेटा मला आवडला होता.

परतीच्या एसटीत तुळजापूर मागं गेल्यावर मी विचारलं, "तू तिला कधी खरं का न्हाय सांगितलं?"

तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "आई गेलेली. बाप बी असा म्हणून सांगू? पोरीला एक तरी मानूस लागतंय आपलं म्हणायला. मी सावत्रच हाय. माझ्यावर खपतंय."

मग म्हणालीस, "फेटा सोडा आता. लोक बघायलेत."

पुढच्याच महिन्यात शाळेत तू सावत्र आईची गोष्ट सांगायला घेतलीस. मी कुंपणावर होतो. एक राजा होता. राणी मेली, पोर मागं राहिली. दुसरी राणी आली. ती पोरीला रोज दिवस उगवायच्या आत रानात धाडायची, लाकडं आणायला. नगर म्हणायचं, बघा कसा जाच. आणि खरं असं होतं की वेशीवर एक राक्षस वऱ्हाड घेऊन बसला होता, याच पोरीला न्यायला. वाड्यात सापडली असती तर नेलीच असती. तिन्हीसांजेला मेलेली राणी भिंतीतून विचारायची, बाई, माझी लेक जेवली का? आणि ही सांगायची, जेवली बाई, पण माझ्याशी बोलली नाही.

एका पोरानं विचारलं, "आन् राजा कुठं हुता?"

तू म्हणालीस, "राजा शिकारीला गेला हुता."

घरी आल्यावर मी तुझ्यावर खवळलो. घरचं गावाला सांगतीस म्हणून. तू म्हणालीस, "राजाला शिकारीला धाडलाय की म्या. तुमाला काय तरास?"

"मग येनार कधी तो?"

"त्याचं तो यील. मला काय ठाव."

चार वर्षं तू ती गोष्ट सांगत होतीस, दर वेळी नवं काही घालून, आणि चार वर्षं राजा शिकारीलाच होता. तू वाट बघत होतीस का गं? का तुला खरंच त्याची गरज उरली नव्हती? हे मी तुला विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणायचो, "लांबलीय लई ही गोष्ट."

तू गेलीस त्या सकाळी शकू आली. जीपमधून उतरली, रडली नाही. बाया तुला अंघोळ घालत होत्या. शकू वाकली, तुझ्या गळ्यातला टाक सोडवला आणि मुठीत धरून म्हणाली, "माझ्या आईला हिच्यासंगं जाळू नका." सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. दोन शब्द पुरे होते. राहू दे, एवढेच. मी जमिनीकडं बघितलं. तुला गळा मोकळा ठेवून नेली. बावन्न वर्षांत पहिल्यांदा तुझा गळा मोकळा होता, तिथं पांढरा पट्टा पडलेला.

शकू तिसऱ्या दिवशी निघून गेली.

अठराव्या दिवशी शनिवार होता. बाई शाळा सुटल्यावर पोरांना घेऊन घरी आल्या. पोरांनी चित्रं काढली होती, ती भिंतीला लावली. तुझी राक्षसीण आहे, तिला मोठी टिकली आहे. पोरं ओट्यावर बसली. एक चिमुरडी मला म्हणाली, "आबा, सावत्र आईची गोष्ट अर्धीच राह्यली. तुमाला येती का पुढची?"

"कुठवर आली हुती?"

"राजा शिकारीला गेला तिथवर."

मी म्हणालो, "राजा शिकारीला गेला नव्हता."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. बाईही बघायला लागल्या.

"राजा वाड्यातच हुता. राक्षसाला शब्द त्यानंच दिला हुता. राणीनं त्याला गोष्टीतनं बाहेर धाडला, त्याची लाज राहावी म्हणून."

ती पोर म्हणाली, "मग राजानं नगराला सांगितलं का?"

मी भिंतीवरच्या चित्रांकडं बघितलं. बाईंनी पोरांना उठवलं.

रविवारी मी पहिल्या गाडीनं निघालो. धाराशिवला गाडी बदलली. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं, वय बघितलं, म्हणाला, "एकटेच का आबा?" मी म्हटलं, "व्हय." बावन्न वर्षांत त्या वाटेनं मी एकटा कधी गेलो नव्हतो. पिशवी कुणाच्या मांडीवर ठेवायची तेच कळेना.

शकू सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. "चहा ठेवते," म्हणाली. मी म्हटलं, "चहा नको. बस." आणि उभ्यानंच सांगितलं. कमान, पंगत, सुपारी, तुझे तीन दिवस, मी काय बोललो ते, फिट, वसतिगृह, सगळं. ती निवडत राहिली. सुपारीचं सांगेपर्यंत बोटं चालू होती. मग थांबली.

"वय काय हुतं त्याचं?"

"छत्तीस."

"आन् माझं?"

"चौदावं."

तिनं सूप खाली ठेवलं. "चाळीस वरसं मी त्या बाईला हाक मारली न्हाय, आबा. 'ती' म्हणायची. मेल्यावर बी 'ती'च म्हणाले."

"तिनं कधी मनावर घेतलं न्हाय."

"तुमी बोलू नका तिच्या वतीनं." हे ती इतक्या हळू बोलली की मला ओरडली असती तर बरं झालं असतं. मग उठून देव्हाऱ्यापुढं गेली. टाक तिथं होता. माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. तिथूनच विचारलं, "गावात कुनाला ठाव हाय हे?"

"न्हाय."

"मग मला एकटीला कशाला सांगायला आलाव? तिला नावं ठेवनारी मी एकटी न्हवते."

थांबा म्हणाली नाही. मीही थांबलो नाही. पाणी तेवढं दिलं, ते प्यालो. दिवस मावळायच्या सुमाराला घरी पोचलो.

सोजर, तुला मी कधी बरी म्हटलं नाही. तुझ्या हातच्या कालवणालाही नाही. तुझं ऐकलं तर आपण लहान होतो अशी माझी समजूत होती. तू पोर वाचवलीस आणि माझी अब्रूही राखलीस, आणि त्या अब्रूवर मी चाळीस वर्षं मान ताठ ठेवून हिंडलो. "तुझी? कधीपासनं?" याचं उत्तर मला आता माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. ते तुला माहीतच होतं. पण ते माझ्या तोंडून ऐकायला तू हवी होतीस.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी दूध डेअरीवर गेलो. आपल्याकडं आता जनावर नाही, माझ्या हातात किटली नव्हती. पण त्या वेळेला अख्खं गाव तिथं रांगेत असतं, बाया, बाप्ये, सगळे. मी काट्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "शकूला फिट कधी आली नव्हती. मी काय सांगतो ते ऐका." सगळं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "आबा, गेलेल्या बाईचं आता कशाला उकरताव?" मी म्हटलं, "जित्ती असती तर तिनंच मला गप केलं असतं." एक म्हातारी, तुझ्याच वयाची, हातपंपावर तुझ्याशी न बोलणाऱ्यांतली, किटली खाली ठेवून मटकन बसली. मापाचा पोऱ्या थांबला, रांग थांबली. मागून आवाज आला, "काय म्हणायलेत? ऐकू येईना."

मी रांगेच्या मागच्या टोकाला गेलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.